सिस्टरचा डबा कधी उघडतो?

शाळेत दुपारच्या सुट्टीची घंटा होते. पोरे ताटल्या घेऊन व्हरांड्यात ओळीने बसतात. खिचडीचा वास वर्गापर्यंत येतो. गुरुजींचे डबे उघडतात. आणि ज्या खोलीत त्या दिवशी आरोग्य तपासणी चाललेली असते, तिथे सिस्टरची पिशवी टेबलाखाली तशीच बंद असते. आत पोळी-भाजी असते, नाहीतर भाकर आणि बेसन. सकाळी सहाला बांधलेले. संध्याकाळी घरी गेल्यावर लेकरू पिशवी उचलून पाहते आणि विचारते, ‘मम्मी, आज पण डबा तसाच आणला?’

हे आम्ही दुसऱ्या कोणाचे सांगत नाही, आमचेच सांगतो. आम्ही म्हणजे डोणगाव आणि मेहकर तालुक्यातील आजूबाजूच्या गावांत काम केलेल्या काही परिचारिका. कोणी शाळा तपासणीच्या पथकात आहे, कोणी उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे, एक जण निवृत्त झाली आहे. रविवारी विहारात वंदना झाली की कधीमधी आम्ही थोडा वेळ बसतो, सुखदुःख बोलतो. आरोग्याच्या पानावर दर वेळी दुसऱ्यांच्या आजारांवर लिहिले जाते, या वेळी आपण स्वतःच्या जेवणावर आणि लिहिण्याच्या कामावर लिहू, असे ठरले. वाचताना लक्षात येईल की विषय तुमच्या लेकरांचाही आहे.

शाळेची सिस्टर म्हणजे कोण?

शाळेत परिचारिका असावी, ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्क शहरात १९०२ साली लिना रॉजर्स नावाच्या परिचारिकेला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांवर नेमले. तोवर खरूज झालेली, डोळे आलेली, डोक्यात उवा असलेली मुले तपासून घरी पाठवली जात. घरी त्यांच्यावर उपचार होतात की नाही, हे कोणी पाहत नव्हते. रॉजर्स बाईंनी शाळेतच मलमपट्टी सुरू केली, घरी जाऊन आयांना समजावले आणि मुले वर्गात परत येऊ लागली.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अशी कायमची परिचारिका नसते. आपल्याकडे ते काम फिरत्या पथकाकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणीचे रोग आणि वाढीतील विलंब वेळीच शोधणे, हे त्याचे काम. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषध निर्माण अधिकारी असतात. अंगणवाडीतील बालकांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा होते.

हे ‘वर्षातून एकदा’ कृपया लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

याशिवाय उपकेंद्राची सेविका शाळेत १० आणि १६ वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायला जाते. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा द्यायची असते. ती गोळी जेवणानंतरच घ्या, उपाशीपोटी घेतली तर मळमळते, असे आम्हीच मुलांना बजावतो. सांगणारी मात्र सकाळच्या एका चहावर असते.

सुट्टीतच सगळे का येतात?

कारण सुट्टीत सगळे मोकळे असतात. एखादे गुरुजी म्हणतात, ‘सिस्टर, जरा माझा बीपी बघता का?’ खिचडी शिजवणारी ताई भाजलेला हात दाखवते. कोणाची आई शेतातून धावत येते, तिला तेवढाच वेळ असतो. मोठ्या वर्गातील मुलींना पाळीबद्दल काही विचारायचे असते आणि ते त्या मुलांसमोर विचारणार नाहीत. यातले कोणाचेही काम खोटे नाही. प्रत्येक जण ‘एकच मिनिट’ म्हणतो आणि अशा एकेका मिनिटात सुट्टी संपून दुसरी घंटा होते.

दोष फक्त येणाऱ्यांचा आहे, असेही नाही. घरी आम्ही सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाया आहोत. तीच सवय आम्ही पिशवीत घालून शाळेत नेतो. ‘आधी यांचे होऊ द्या’ हे वाक्य आमच्या तोंडातून इतके सहज निघते की भूक लागली आहे, हे सांगायचीच लाज वाटते. सिस्टर म्हटली की तिने नाही म्हणू नये, हे जगाआधी आम्ही स्वतःच मान्य केलेले असते.

याची किंमत शरीर मोजते. अनेक तास पोट रिकामे राहिले की डोके दुखते, आम्लपित्त वाढते, हात थरथरतो, लक्ष राहत नाही. मधुमेह असलेल्या, गोळ्या चालू असलेल्या बाईची साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यातच आम्ही पाणी कमी पितो, कारण शाळेतील स्वच्छतागृह कसे असेल याची खात्री नसते. कमी पाणी आणि दाबून धरलेली लघवी यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. आमच्यातल्या बहुतेकींना तो कधी ना कधी झाला आहे.

निरोगी गठ्ठ्यात गेलेले कार्ड

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचे नाव सांगत नाही. चूकही शाळेची नव्हती, आमच्यातल्या एकीची होती आणि तिनेच ती इथे लिहायला सांगितली.

त्या दिवशी मुले जास्त होती आणि सुट्टी मिळालीच नाही. तिसरीतल्या एका मुलाची छाती तपासताना डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यात वेगळा आवाज ऐकू आला. त्याला पुढच्या तपासणीसाठी पाठवा, असे ते म्हणाले. संदर्भ चिठ्ठी लिहायला सिस्टरने पेन उचलला, तेवढ्यात बाहेर एक मुलगी चक्कर येऊन पडली म्हणून हाक आली. ती उठून गेली. परत आली तेव्हा पुढची मुले रांगेत उभी होती. त्या मुलाचे कार्ड निरोगी मुलांच्या गठ्ठ्यात सरकले होते. नोंदी करायला शाळेत वेळ उरला नाही, म्हणून गठ्ठे घरी गेले. स्वयंपाक, भांडी उरकून रात्री अकरापर्यंत तिने नोंदवही भरली. निरोगी गठ्ठ्यातली कार्डे तिने पुन्हा उघडून पाहिली नाहीत.

नऊ दिवसांनी त्या मुलाच्या आईने गावातल्या आशाताईला विचारले, ‘डॉक्टर माझ्या पोराची छाती दोनदा का तपासत होते?’ मग शोधाशोध झाली. मुलगा आधी मेहकरला, मग पुढे तपासणीला गेला. हृदयाला छिद्र निघाले. कार्यक्रमातून शस्त्रक्रिया मोफत झाली आणि पोरगा आज खेळतो आहे.

नऊ दिवसांनी काही बिघडले नाही. पण त्या माउलीने विचारले नसते, तर शाळेची तपासणी वर्षातून एकदा होते. ते कार्ड पुढच्या वर्षापर्यंत त्याच गठ्ठ्यात पडून राहिले असते. त्या दिवसापासून आम्ही जेवणाची सुट्टी आणि लिहिण्याचा वेळ यांना आराम म्हणणे सोडून दिले.

लिहिणे हे वरचे काम नाही

साधा हिशोब करा. एका मुलाचे वजन, उंची, दंडाची किंवा डोळ्यांची नोंद, कार्ड आणि नोंदवही मिळून दोनच मिनिटे धरा. १०० मुलांची २०० मिनिटे होतात, म्हणजे ३ तास २० मिनिटे. यात संदर्भ चिठ्ठ्या, औषधांचा साठा, ऑनलाइन नोंद आणि महिन्याचा अहवाल आलाच नाही. एवढे काम ‘मधल्या वेळेत’ कसे होणार? मधला वेळ म्हणजे आमच्या जेवणाचा, नाहीतर घरच्या रात्रीचा वेळ.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून तो भगवान बुद्धांचा उपदेश ऐकायला आला, तेव्हा भुकेने व्याकूळ झालेला होता. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, तो जेवून सावरला, तेव्हाच उपदेश सुरू केला. भुकेल्या माणसाचे मन ऐकण्यात लागत नाही, मग भुकेल्या सिस्टरचे मन ठोके ऐकण्यात आणि आकडे लिहिण्यात कसे लागेल?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५५ आले: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. हा कायदा कारखान्यांसाठी होता, शाळाशाळांतून फिरणाऱ्या परिचारिकेला तो लागू होत नव्हता. तरी माणसाचे पोट आणि लक्ष किती वेळ टिकते, याचे ते माप आहे आणि ते माप आम्हालाही तितकेच लागू पडते.

आम्ही काय करून पाहिले

खालच्या गोष्टी आम्ही हळूहळू शिकलो. सगळ्या रोज जमतात असे नाही.

१. आदल्या दिवशी फोन. मुख्याध्यापकांना विचारतो की सुट्टी किती वाजता, पट किती, खोली कोणती. सुट्टीच्या पंधरा मिनिटे आधी नवीन वर्ग पाठवू नका, असे तेव्हाच नम्रपणे सांगतो. आयत्या वेळी सांगितले तर ते नाराजीचे वाटते, आधी सांगितले तर नियोजनाचे वाटते.

२. पाळीने जेवण. पथकातले सगळे एकदम उठत नाहीत. दोघे जेवतात, दोघे थांबतात, मग बदली. जेवायला दुसऱ्या खोलीत जातो. तपासणीच्या टेबलावर डबा उघडला तर तो डबा राहत नाही, आणि थुंकी-जखमा तपासलेल्या जागी जेवूही नये. आधी साबणाने हात धुतो.

३. दारावर कागद. त्यावर लिहितो: ‘जेवणाची वेळ, अर्धा तास. चक्कर, रक्तस्राव, झटके, श्वासाचा त्रास, साप-विंचू असेल तर लगेच हाक मारा. बाकी सर्व सुट्टीनंतर.’ तातडीचे काय ते स्पष्ट लिहिले की लोक समजून घेतात. मोठ्या मुलींसाठी सुट्टीनंतरची दहा मिनिटे वेगळी ठेवतो, बाईंना सोबत घेऊन.

४. एक वर्ग, एक हिशोब. एका वर्गाची कार्डे पूर्ण होऊन मोजल्याशिवाय दुसरा वर्ग आत घेत नाही. हजेरीत ३२ मुले तर कार्डे ३२ हवीत. चिठ्ठी लिहिताना हाक आली तर अर्धे कार्ड उलटे करून वेगळे ठेवतो, गठ्ठ्यात टाकत नाही.

५. शेवटचा अर्धा तास फक्त लिहिण्याचा. शाळा सुटण्याआधी संदर्भ चिठ्ठ्या पुन्हा मोजतो, पालकांचे फोन नंबर वर्गशिक्षकांकडून घेतो आणि आशाताईला यादी देतो. चिठ्ठी घरी नेऊन लिहायची नाही, हा आमचा नियम आहे.

६. लसीच्या दिवशी वेगळी मांडणी. लस दिल्यावर मुलाला अर्धा तास डोळ्यांसमोर बसवावे लागते. तो अर्धा तास जेवणाचा नाही. म्हणून त्या दिवशी काम सुरू करण्याआधीच पोटभर खाऊन घेतो आणि पिशवीत केळी, फुटाणे, शेंगदाणे ठेवतो.

७. हुकलेल्या सुट्टीची नोंद. सुट्टी मिळाली नाही तर दैनंदिनीत एक ओळ लिहितो: तारीख, मुलांची संख्या, कारण. तोंडी तक्रार मासिक सभेत हवेत विरते. महिन्याच्या ओळी एकत्र दाखवल्या की एका दिवसात किती मुले घ्यायची, यावर बोलणे सुरू होते. आमच्यातल्या अनेक जणी कंत्राटी आहेत, एकटीने बोलायला भीती वाटते. म्हणून पथकाची मिळून एकच नोंद ठेवणे बरे.

तुम्ही काय करू शकता

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. आपल्या वस्तीतले कोणी त्यात असेल, तर तपासणीच्या दिवशी पथकाला एक स्वच्छ खोली, पिण्याचे पाणी आणि कुलूप नसलेले स्वच्छतागृह मिळते का, एवढे पाहा. हे खर्चाचे काम नाही.

गुरुजी आणि बाईंनो, बीपी जरूर तपासून देऊ, पण मुले संपल्यावर.

आणि आयांनो, तपासणीच्या दिवशी लेकराला जेवू घालून पाठवा. संध्याकाळी त्याला विचारा, डॉक्टर काय म्हणाले, चिठ्ठी दिली का? चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात राहू देऊ नका, मेहकरला किंवा सांगितलेल्या ठिकाणी त्याच आठवड्यात जा. शंका वाटली तर विचारायला लाजू नका. एका आईच्या विचारण्याने काय झाले, ते वर लिहिलेच आहे.

पुढच्या वेळी पथक तुमच्या शाळेत येईल तेव्हा दारावर तो कागद दिसला, तर अर्धा तास थांबा. आत बसलेली बाई जेवते आहे. त्यानंतर ती तुमच्या लेकराचे कार्ड हातात घेणार आहे.

जयभीम.