शोक आणि शेजारधर्म

दुःखिताशीं कसें वागावें, हा प्रश्न प्रत्येकास केव्हां ना केव्हां पडतोच. क्रिस चिबनॉल यांनीं लिहिलेल्या ‘ब्रॉडचर्च’ या इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकेच्या २०१३ सालच्या पहिल्या पर्वांत, म्हणजे आठ भागांत, त्याचा मार्मिक विचार आढळतो.

समुद्रकांठच्या लहानशा गांवांत डॅनी नांवाच्या ११ वर्षांच्या मुलाचा खून होतो. त्याची आई बेथ दुकानांत जाते, तों लोक तिच्याकडे नुसते पाहत राहतात. तपास करणारी एली ही तिची मैत्रीण. तपासाच्या ओघांत एली दुसऱ्या एका स्त्रीस विचारते कीं, पतीचें दुष्कृत्य घरांत असून तुला कळलें कसें नाहीं? पुढें खुनी एलीचाच पति निघतो, आणि बेथ तोच प्रश्न तिला करते!

एका मृत्यूनें किती घरें मोडतात, आणि दुसऱ्याचा न्याय करण्याची घाई किती घातक, हें यावरून आम्हांस दिसतें. शेवटीं गांवकरी डॅनीच्या स्मरणार्थ किनाऱ्यावर अग्नि पेटवितात, तेव्हां दूरच्या किनाऱ्यावरहि ज्वाळा दिसूं लागतात.

विद्यार्थीमित्रहो, सोबत्याच्या घरीं मृत्यु घडल्यास, शब्द सुचत नाहींत म्हणून त्यास टाळूं नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.