मुलांचा शाळेचा प्रोजेक्ट: दुकानात जाण्याआधी घरातली हळद आणि शेतातली माती बघा

‘उद्या प्रोजेक्ट करून आणा’ असा मेसेज शाळेच्या ग्रुपवर पडला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची गर्दी होते. रंगीत कार्डशीट, चमकी, तयार चित्रं... मजुरीचे पैसे त्यातच जातात. रात्री आई नाहीतर मोठी ताई जागून ते चिकटवते आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे ते पोरगं शेजारी झोपलेलं असतं.

आपल्याकडे प्राथमिक शाळेत कला आणि कार्यानुभव हे विषय आहेत. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे मूल वर्षभर स्वतःच्या हाताने काय करतं हे बघायचं. दुकानातल्या वस्तूतून ते कसं कळणार? थोडा दोष शाळांचाही आहे. सगळ्यात चकचकीत मॉडेलला बक्षीस दिलं की पालक दुकानात धावणारच. आणि हो, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हळदीचं चित्र करून बघा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवा, कोऱ्या कागदावर फासा आणि कागद वाळू द्या. मग काडीला कापूस गुंडाळून ती कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि चित्र काढायचं. पिवळ्या कागदावर लालसर रेघ उमटते! भाजीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की तो लाल होतो, तीच ही गंमत. साबण क्षारधर्मी असतो आणि क्षार लागला की हळदीचा रंग बदलतो. त्याच रेघेवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीतही यावरच चालते, पण मुलांच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून चित्र वहीत ठेवा.

तिसरी-चौथीच्या मुलांना मातीचे बैल जमतात. पोळा-बेंदराला बैल घरी करायची पद्धत आपल्याकडे होतीच, आता ते बाजारातून येतात. काळ्या मातीचे बैल तडकतात अशी तक्रार असते. खरंय, ही माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसते, शेताला भेगा पडतात तशाच बैलालाही पडतात. उपाय सोपा आहे. माती कुटून चाळा, तिच्यात थोडी बारीक वाळू आणि भिजवून कुस्करलेला जुना कागद घाला. चांगली मळून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा. मळायचं काम जड आहे, ते मोठ्यांनी करावं. पुढचं सगळं मुलाचं.

पाय जाड ठेवायला सांगा, बारीक पाय मोडतात. शिंग किंवा वशिंड नुसतं दाबून चिकटवलं तर वाळल्यावर गळून पडतं. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, मातीचा पातळ चिखल लावायचा आणि मग जोडायचं. शिंग वाकडं झालं तर वाकडंच राहू द्या. तुम्ही सरळ केलं की बाईंना लगेच कळतं, कुणाचा हात लागलाय ते!

बैल सावलीतच वाळवा. उन्हात वरची माती लवकर वाळते, आतली ओली राहते आणि तडा जातो. चार-पाच दिवस तरी लागतील, म्हणून शिक्षकांनीही असं काम आदल्या दिवशी न सांगता आठवडाभर आधी सांगावं. रंगासाठी गेरू आणि तव्याखालची काजळी पुरे. दोन्हींत बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला, नाहीतर रंग हाताला लागत राहतो. शाळेत नेताना डब्यात खाली-वर भुसा भरा, एसटीच्या धक्क्यांनी शिंगं मोडणार नाहीत.