सर्फचा घुमारा पिकअपमधून येत नाही

कॅलिफोर्नियात १९६०च्या सुमारास बहरलेल्या सर्फ संगीताचा ओलसर आवाज हवा, म्हणून अनेक जण आधी गिटारचं पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारं, चुंबकाभोवती गुंडाळलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं) बदलतात. त्यानं आवाज उजळ किंवा जाडसर होतो, ओला होत नाही. विहिरीत डोकावून हाक मारली, तर घुमणं विहिरीचं असतं, गळ्याचं नाही.

इथली विहीर म्हणजे स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून संकेत फिरवून घुमारा देणारी पेटी). संकेत स्प्रिंगचं एक टोक हलवतो. लाट दोन टोकांमध्ये आपटत राहते आणि दुसऱ्या टोकाला टिपली जाते. तळव्याची कड ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवून जोरात पिक मारा, 'टपक' असा ठसका स्पष्ट ऐकू येतो. गिटार आणि अँप बनवणाऱ्या फेंडर कंपनीची अशी स्वतंत्र पेटी १९६१मध्ये आली. सर्फ गिटारवादक डिक डेलच्या आवाजात तर जाड तारांचा आणि दणकट अँपचाही मोठा वाटा होता.

पिकअप बदलणं निरर्थक मुळीच नाही. गिटारवर हंबकर (जोडवेटोळ्याचं पिकअप) असेल, तर एकेरी वेटोळ्यानं आवाजाला धार येते. पण सोल्डरिंगला हात घालण्याआधी रिव्हर्ब लावून वाजवून पाहा.