जाड ऑईल वजन पेलत नाही

ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, खड्ड्यात पुढचे शॉकअप (फोर्क) तळाला आपटतात, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जा. उत्तर ठरलेलं असतं: ‘जाड ऑईल टाकू, कडक होतील.’ मग १० डब्ल्यूच्या जागी २० डब्ल्यू येतं, काही ठिकाणी थेट इंजिनचं २०डब्ल्यू-४० ओततात आणि मालक समाधानाने घरी जातो. हा सल्ला इतका रुळलाय की त्यावर शंका घेणाऱ्यालाच वेड्यात काढतात. पण तो चुकीचा आहे, आणि थोडाथोडका नव्हे, मुळातूनच.

शॉकअपच्या नळीत दोन वेगवेगळी कामं चालतात. गाडीचं आणि तुमचं वजन पेलणं हे स्प्रिंगचं काम. ती किती दबली आहे, यावर तिचा जोर ठरतो. ऑईलचं काम निराळं: दबण्याची आणि उलगडण्याची हालचाल आवरणं, म्हणजेच डॅम्पिंग. नळी हलते तेव्हा ऑईल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्यातून विरोध तयार होतो. हालचाल थांबली की विरोधही संपला. उभ्या गाडीखाली ऑईलचा दाटपणा एक ग्रॅम वजनही उचलत नाही.

पटत नसेल तर घरी ताडून बघा. शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक प्लॅस्टिकची केबल टाय बसवा. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी येईल अशी गाडी उचलून टाय सीलला टेकवा. मग गाडी खाली घ्या, नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-बुटांसह तिच्यावर बसा, दुसऱ्या कुणाला तरी हँडल धरायला सांगा. अलगद उतरा, चाक पुन्हा अधांतरी करा आणि टाय सीलपासून किती दूर गेली ते मोजा. हा झाला सॅग. रस्त्यावरच्या गाडीला तो एकूण चालीच्या (नळी जास्तीत जास्त जितकी दबू शकते त्या अंतराच्या) साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिक ३५० ची पुढची चाल १३० मिमी आहे, म्हणजे ३५ ते ४० मिमीच्या आसपास ठीक. आता जाड ऑईल भरा आणि पुन्हा मोजा. आकडा तोच येईल. सॅग ५५ मिमी असेल तर तो ५५ च राहील, आणि खड्डा येण्याआधीच जवळजवळ निम्मी चाल खर्च झालेली असेल.

हे स्प्रिंगचं गणित आहे. समजा, एका स्प्रिंगचा दर मिलिमीटरला ०.७ किलो आहे. दोन नळ्या मिळून १.४ किलो. पुढच्या चाकावर १४ किलो वाढले की गाडी ढोबळमानाने १० मिमी बसणार. स्प्रिंग ०.८५ ची घातली तर ८ मिमी. गाडीतली मूळ स्प्रिंग कंपनीने एक सरासरी चालक गृहीत धरून निवडलेली असते. ९५ किलोच्या माणसाची तक्रार खरी असते, उपाय मात्र त्याला ६० किलोच्या माणसासारखाच सांगितला जातो. हे मला अजिबात पटत नाही. गाडी तपासणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायला हवं ते चालकाचं वजन, आणि ते कुणीच विचारत नाही.

जाड ऑईलने नुसता फायदा होत नाही असं नाही, नुकसान होतं. आपल्याकडच्या बहुतेक कम्युटर गाड्यांत साधा डॅम्पिंग रॉड असतो: एक पोकळ दांडा, त्याला ठरावीक मापाची छिद्रं. छिद्राचा आकार बदलत नाही, म्हणून वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. याचा परिणाम असा, की संथ हालचालीत, म्हणजे ब्रेक दाबल्यावर, या रचनेला विरोध कमी पडतो आणि खड्ड्याच्या धारदार कडेवर तो जास्त होतो. जाड ऑईल दोन्हीकडे विरोध वाढवतं. ब्रेक धरून ठेवलात तर गाडी त्याच जागी खाली येते, फक्त जरा सावकाश. आणि खड्ड्याच्या कडेला ऑईल वेळेत छिद्रातून निघतच नाही, नळी क्षणभर दगडासारखी आखडते, धक्का मनगटात येतो आणि चाक रस्ता सोडतं. चाक हवेत असताना ना ब्रेक लागतो, ना वळता येतं.

उलगडण्याचंही तेच. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. दर दोन मीटरवर उंचवटा असलेल्या उखडलेल्या रस्त्यावर चाकाला सेकंदाला सात धक्के बसतात. जाड ऑईलमुळे नळी एका धक्क्यातून पुरती वर येण्याआधी दुसरा येतो, मग तिसरा, आणि शॉकअप हळूहळू खालीच अडकून बसतो. चालकाला वाटतं, अजून मऊच आहे. तो परत गॅरेजला जातो आणि आणखी जाड ऑईल घालून येतो.

‘पण मला खरंच फरक जाणवला,’ असं लोक सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फरक असतो. कारण आत वर्षानुवर्षांचं काळं, धातूचा कीस आणि पाणी मिसळलेलं ऑईल होतं, ते निघालं. योग्य दर्जाचं नवं ऑईल घातलं असतं तरी हाच फरक दिसला असता, वरचे तोटे न घेता.

डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’वर डोळे झाकून भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. डब्ल्यूची वर्गवारी एसएई जे-३०० या इंजिन ऑईलच्या मानकातली, आणि तिथे ती थंडीतल्या दाटपणाबद्दल आहे. फोर्क ऑईलला ती बंधनकारक नाही. त्यामुळे एका कंपनीचं १० डब्ल्यू दुसरीच्या १० डब्ल्यूपेक्षा बरंच दाट निघू शकतं. बघायचा आकडा म्हणजे ४० अंशांवरचे सेंटिस्टोक्स, तो कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. १० डब्ल्यू म्हणून विकलं जाणारं फोर्क ऑईल सहसा ३० ते ५० च्या दरम्यान असतं. २०डब्ल्यू-४० इंजिन ऑईल त्याच तापमानाला शंभराच्या पुढे जातं.

मग करायचं काय? आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान लांबीशी स्प्रिंगची मोकळी लांबी ताडून बघा. आखूड झाली असेल तर बदला. वजन जास्त असेल तर जास्त दराची स्प्रिंग घ्या. तळाला आपटण्याचाच त्रास असेल तर ऑईलचा दाटपणा नको, पातळी बघा. स्प्रिंग काढून नळी पूर्ण दाबली की ऑईलच्या वर जी हवा उरते, तीही स्प्रिंगसारखी वागते. १३० मिमी चालीत १२० मिमीची हवेची पोकळी पूर्ण दाबाला साधारण दुपटीने आवळली जाते, १०० मिमीची पोकळी २.३ पटीने. म्हणजे सुरुवातीची चाल मऊ राहते आणि शेवट घट्ट होतो. मात्र पातळी बेताने वाढवा. अती भरलं तर सील फुटतात.

त्यापुढचा टप्पा झडपेचा. कॅलिफोर्नियातल्या रेसटेक या सस्पेन्शन कंपनीचे संस्थापक पॉल थीडी यांनी लोकप्रिय केलेला ‘कार्ट्रिज एम्युलेटर’ डॅम्पिंग रॉडच्या डोक्यावर बसतो. रॉडची दबण्यासाठीची मूळ छिद्रं मोठी करून निकामी करायची आणि दबण्याचं काम स्प्रिंगवर उघडणाऱ्या झडपेकडे द्यायचं. धक्का जोराचा आला की झडप जास्त उघडते. मोठी केलेली छिद्रं परत लहान होत नाहीत, हे लक्षात ठेवूनच ड्रिल हातात घ्या. उलगडण्याचं नियंत्रण मात्र एम्युलेटर बसवल्यावरही ऑईलच्याच हाती राहतं. ऑईलचा दाटपणा थोडाफार बदलून बघण्याची खरी जागा ही.

दुसरा आवडता समज: उलटे, म्हणजे यूएसडी फोर्क लावले की सस्पेन्शन सुधारतं. उलट्या रचनेत जाड नळी वर टी-मध्ये (दोन्ही नळ्या धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये) पकडलेली असते, म्हणून जोरात ब्रेक मारताना फोर्क कमी वाकतो. हा फायदा खरा आहे. पण आतली झडप कशी आहे, हे बाहेरून कळत नाही. होंडाची २००३ ची सीबीआर ६०० आरआर सरळ ४५ मिमी फोर्कवर धावायची, आत पूर्ण कार्ट्रिज (झडपांची स्वतंत्र डॅम्पिंग रचना) होता आणि सगळं जुळवता यायचं. यूएसडी तिला २००५ साली आले. याउलट २०१२ पासून चाकणला बनलेल्या केटीएम २०० ड्यूकला ४३ मिमीचे यूएसडी फोर्क, पण जुळवायला एकही स्क्रू नाही. जुन्या बाजारातून अपघाती गाडीचे फोर्क आणून दुसऱ्या गाडीला बसवणं तर मला धोक्याचं वाटतं. ते वाकलेले असू शकतात, शिवाय १४०० मिमीच्या व्हीलबेसवर पुढची उंची १० मिमीने बदलली की फोर्कचा कोन ०.४ अंशाने बदलतो आणि ३० मिमीने बदलली की गाडीची वागणूकच वेगळी होते. यूएसडीचा सील गळला तर ऑईल थेट कॅलिपरकडे ओघळतं, हेही विसरू नका.

शेवटी काही सुट्या सूचना. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते.

ब्रेक मारताना नाक खाली जाणं पूर्ण बंद करायचं नसतं. पुढच्या चाकावर भार आल्यामुळेच ते होतं आणि त्यातून गाडी वळायला हलकी होते.

सील गळतोय म्हणून फक्त सील बदलू नका. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवा सीलही काही दिवसांत कापला जाईल.

ब्रेक मारल्यावर ‘टक’ असा आवाज आला तर शॉकअप उघडण्याआधी कोनसेट (हँडलचं बेअरिंग) तपासा. पुढचं चाक उचला, फोर्क तळाशी धरून मागेपुढे हलवा. तिथे खेळ जाणवला तर दोष बेअरिंगचा आहे, ऑईलचा नाही.