जालियनवाला बाग स्मारक

पंजाब राज्याच्या अमृतसर शहरातील राष्ट्रीय स्मारक. सुवर्णमंदिराजवळ, दाट वस्तीने वेढलेल्या या जागी १३ एप्रिल १९१९ रोजी ब्रिगेडियर जनरल रेजिनल्ड डायर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने निःशस्त्र जनसमुदायावर गोळीबार करविला. ही घटना समजण्यास जागेची रचना लक्षात घेणे आवश्यक असल्यामुळे बाग हे मृतांचे स्मारक आहे, तसेच घटनेचा प्रत्यक्ष पुरावाही आहे.

नावात बाग असली, तरी १९१९ मध्ये येथे बगीचा नव्हता. सहा-सात एकरांच्या या पडीक व उंचसखल जमिनीभोवती घरांच्या मागील भिंती होत्या. आत एक समाधी, थोडी झाडे व एक विहीर होती. प्रवेशाचा मुख्य मार्ग म्हणजे एक अरुंद बोळ; बाहेर पडण्याच्या इतर वाटाही थोड्या आणि चिंचोळ्या होत्या.

रौलट कायद्याविरोधी चळवळीतील नेते डॉ. सत्यपाल व डॉ. सैफुद्दीन किचलू यांना १० एप्रिल रोजी पकडून हद्दपार करण्यात आले. त्याच दिवशी शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला आणि नंतरच्या दंगलीत पाच यूरोपीय मारले गेले. १३ एप्रिलला डायरने सभाबंदीची दवंडी पिटविली. परंतु ती शहराच्या सर्व भागांत पोहोचली नाही. दुपारी बागेत हजारो लोक जमले. त्यांत सभेसाठी आलेल्यांबरोबरच बैसाखीनिमित्त बाहेरगावांहून आलेले लोक व मुलेही होती. डायरने ५० बंदूकधारी सैनिक प्रवेशाजवळच्या उंचवट्यावर उभे केले व कोणतीही पूर्वसूचना न देता गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. जखमींची शुश्रूषा करण्याची कोणतीही व्यवस्था न करता सैन्य परतले. रात्रीच्या संचारबंदीमुळे आप्तांनाही मदत करणे दुरापास्त झाले.

बोळ अरुंद असल्यामुळे डायरला सोबतच्या दोन चिलखती मोटारी बाहेरच ठेवाव्या लागल्या होत्या. त्या आत नेता आल्या असत्या, तर त्यांवरील मशीनगनही बहुधा वापरल्या असत्या, अशी कबुली त्याने हंटर समितीपुढे दिली. सरकारी आकडेवारीप्रमाणे मृतांची संख्या ३७९ होती. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे सदस्य होते. या समितीच्या १९२० मधील अहवालात मृतांचा आकडा सुमारे १,००० धरण्यात आला.

जागा राष्ट्राच्या स्मरणार्थ राखावी, या हेतूने १९२० मध्ये लोकवर्गणीतून ती विकत घेण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्यान्वये तिची व्यवस्था राष्ट्रीय स्मारक न्यासाकडे सोपविण्यात आली. बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्यानुसार उभारलेल्या तांबड्या दगडाच्या चौकोनी, निमुळत्या स्तंभाचे उद्‌घाटन १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा चौकटींनी दर्शविल्या आहेत. प्राण वाचविण्यासाठी लोकांनी जीत उड्या टाकल्या, ती विहीर ‘शहीदी कुआँ’ म्हणून जतन करण्यात आली असून तीतून १२० प्रेते काढण्यात आल्याचा उल्लेख तेथील फलकावर आढळतो.

इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ (१९९७) व पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन (२०१३) यांनी स्मारकास भेट दिली. कॅमेरन यांनी ही घटना अत्यंत लज्जास्पद असल्याचे नमूद केले. शताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत खेद व्यक्त केला. तथापि ब्रिटिश शासनाने औपचारिक क्षमायाचना केली नाही.

शताब्दीच्या निमित्ताने हाती घेतलेल्या नूतनीकरणानंतर २८ ऑगस्ट २०२१ रोजी स्मारक पुन्हा खुले झाले. या कामात प्रवेशाच्या बोळाच्या भिंतींवर माणसांची शिल्पे बसविण्यात आली, विहिरीभोवती काचेचे आवरण उभारण्यात आले आणि दालने व ध्वनिप्रकाश कार्यक्रम यांची भर पडली. जुन्या वास्तूचे रक्षण व्हावे आणि नव्या पिढीला इतिहास कळावा, हा यामागील उद्देश सांगण्यात आला. उलटपक्षी, शिल्पांमुळे बोळाचे मूळचे उघडे, रुक्ष रूप झाकले गेले व जागेचे पुरावा म्हणून असलेले मूल्य उणावले, असा आक्षेप अनेक इतिहासकारांनी घेतला. स्तंभ किंवा शिल्प पुन्हा घडविता येते. पण मूळ भिंत, बोळ वा विहीर एकदा पालटली म्हणजे तिने दिलेली साक्ष परत मिळत नाही. त्यामुळे अशा स्थळी सुशोभनाची मर्यादा कोठे आखावी, हा जतनशास्त्रातील प्रश्न येथे विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. बोळातून आत येऊन उंचवटा, भिंतींवरील खुणा व विहीर यांमधील अंतरे पाहिली असता, त्या दहा मिनिटांत लोकांना निसटण्यास वाव का उरला नाही, हे आजही ध्यानात येते.