लॅपटॉपची हार्ड डिस्क आवाज करतेय? आधी डेटा वाचवा, मग आवाज थांबवा

जुना लॅपटॉप रात्री घरघर करू लागला की बहुतेक जण पंख्याला दोष देतात. पण आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आवाज तिचाही असू शकतो. लग्नाचे फोटो, जमिनीचे उतारे, दुकानाचा हिशेब असं सगळं तिच्यावरच असतं. म्हणून आवाज कशाचा आहे ते आधी ओळखायला हवं.

कुठला आवाज साधा?

गरम हवा बाहेर पडते त्या जाळीजवळ सूं-सूं येत असेल तर तो पंखा. हार्ड डिस्क बहुधा टायपिंग करताना तळहात टेकतो त्या भागाखाली असते. तिची चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. त्यामुळे मंद गुणगुण आणि फाइल उघडताना कुरकुर येणारच. मधूनच एखादा 'टक्' आला, तर काम नसल्यानं हेड बाजूला जाऊन बसलं असं समजावं.

कुठला आवाज धोक्याचा?

एका लयीत सतत टकटक, घासल्यासारखा आवाज, किंवा डिस्क फिरायला लागून पुन्हा बंद पडणं ही बिघाडाची लक्षणं आहेत. हेड चकतीपासून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर असतं. ते घासलं तर तिथली माहिती कायमची जाते. फाइली दिसत असतील तर सगळ्यात महत्त्वाच्या आधी, दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. दिसतच नसतील तर लॅपटॉप बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डिस्क घरी उघडायची तर अजिबात नाही, धुळीचा एक कणही तिला पुरतो.

आवाज कमी कसा करायचा?

डिस्क ठणठणीत असेल तर उपाय सोपे आहेत. पोकळ लाकडी किंवा पत्र्याच्या टेबलावर आवाज घुमतो. लॅपटॉपच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवा, पण खालची जाळी झाकू नका. डिस्कचे स्क्रू ढिले असतील तर मेकॅनिककडून आवळून घ्या. रॅम कमी पडली की विंडोज सतत डिस्ककडे धाव घेते. म्हणून नको असलेले प्रोग्रॅम बंद ठेवा, जमल्यास रॅम वाढवा. डिफ्रॅगनेही डिस्कची धावपळ थोडी कमी होते.

कायमचा उपाय एसएसडी. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे डिस्कचा आवाज जातो आणि लॅपटॉपही चपळ होतो. जुन्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंची साटा एसएसडी बसते, तरी विकत घेण्याआधी मॉडेल दुकानदाराला दाखवा. मात्र एसएसडीसुद्धा बिघडते, आणि बिघडण्याआधी आवाज करून सावध करत नाही. त्यामुळे नवी डिस्क बसवली तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे हवीच.