सुरक्षित प्रवास, भाग ५ : मांडीवरचे मूल आणि कार सीट

भंडाऱ्याहून नागपूरला निघालेल्या गाडीत लहान मुलाची जागा बहुधा ठरलेली असते : आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर, आणि बरेचदा पुढेच, कारण तिथून रस्ता दिसतो आणि मूल किरकिर करत नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गाड्या सहज ऐंशी-नव्वदने धावतात आणि धानाची पोती लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून अचानक आडवी येते.

ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळलेली गाडी साधारण एक दशांश सेकंदात थांबते. आतले शरीर मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. दहा किलोच्या बाळाला त्या क्षणी धरून ठेवायचे तर सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. वेग ऐंशी झाला की आघाताची ऊर्जा अडीचपट होते. ‘मी घट्ट धरते ना’ या आश्वासनाला इथे काही अर्थ उरत नाही. धरणाऱ्या व्यक्तीने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तिच्याच वजनाखाली मूल डॅशबोर्डवर दाबले जाते. एकाच बेल्टमध्ये दोघांना अडकवले तरी तेच होते, फक्त दाब बेल्टचा असतो.

मोठ्यांचा बेल्ट मुलाला का चालत नाही, याचे कारण त्याच्या शरीराच्या घडणीत आहे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडले तरी ते जड डोके मानेला ओढत पुढे फेकले जाते. सीट उलटी, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून बसवली, की समोरच्या धडकेचा आघात डोके, मान आणि पाठ यांवर एकसारखा पसरतो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अशी सीट सुचवली, ती अंतराळवीरांना पाठीवर निजवून उड्डाण करतात हे पाहून. अमेरिकेतील आकडेवारीनुसार योग्य वापरलेल्या कार सीटमुळे एक वर्षाखालील बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी घटतात.

सीट निवडायची ती मुलाच्या वजनाप्रमाणे व उंचीप्रमाणे. वय हा फक्त अंदाज. भारतीय मानक एआयएस ०७२ मध्ये वजनाचे गट आहेत : १३ किलोपर्यंतची बाळसीट, ९ ते १८ किलोंसाठी स्वतःचे पट्टे असलेली सीट, त्यापुढे ३६ किलोपर्यंत बूस्टर. बूस्टर मुलाला फक्त उंच बसवते, म्हणजे गाडीचा कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसतो आणि वरचा पट्टा गळ्याऐवजी खांद्याच्या मध्यावरून जातो. उंची १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत नुसता बेल्ट नीट बसत नाही. उलटी सीट किमान सव्वा वर्षापर्यंत ठेवावी. सीटची मर्यादा परवानगी देत असेल तर त्याहून जास्त. मुलाचे पाय दुमडतात म्हणून घाईने सीट फिरवण्याची गरज नाही, पाय दुमडून मुले मजेत बसतात.

घोटाळा होतो तो बसवण्यात. बेल्ट ज्या खोबणीतून जातो तिथे सीट धरून हलवली, तर ती अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकू नये. खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, सरळ सीटमध्ये पातळीला किंवा वर असावेत, आणि खांद्याजवळ चिमटीत पकडू पाहिले तर पट्ट्याची घडी येऊ नये. डिसेंबरात बाळ स्वेटर, कानटोपी आणि दुलईत गुंडाळलेले असते. जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत कपडा चेपतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टे आधी आवळावेत, दुलई वरून पांघरावी. मे महिन्यात उलटी अडचण : उन्हात उभ्या गाडीत पट्ट्याची धातूची कडी चटका देते. सीटवर पांढरे कापड टाकून ठेवावे आणि बसवण्याआधी कडीला हात लावून पाहावा.

पुढच्या सीटसमोरची एअरबॅग चालू असेल, तर तिथे उलटी सीट कधीही लावू नये. क्षणार्धात फुगणारी ती पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. जागा मागचीच. पण मागे बसणे म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समजही खोटा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे दगावले. दोघांनीही बेल्ट लावले नव्हते.

कायद्याने यात अर्धेच पाऊल टाकले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४ब म्हणते की चौदा वर्षांखालील मूल बेल्टने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड. ‘किंवा’ असल्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला तरी कागदावर नियम पाळला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपी या गाड्यांच्या धडक-चाचणीत मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत आणि त्यासाठी दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे कार सीटमध्ये बसवतात. जाहिरातीतले सुरक्षेचे तारे अशा रीतीने सीटसकट मिळालेले असतात. गाडी मात्र सीटशिवायच घरी येते. काळी-पिवळीत सीट लावायची सोयच बहुधा नसते, आणि जिल्ह्यातील पुष्कळ मुले त्यातूनच फिरतात.

नात्यात एकाची सीट दुसऱ्याकडे जाण्याची रीत चांगली आहे, फक्त तिचा पूर्वेतिहास माहीत हवा. मोठी धडक बसलेल्या सीटचे प्लास्टिक वरून धड दिसले तरी आतून तडकलेले असू शकते. अशी सीट पुन्हा वापरू नये, आणि टाकताना तिचे पट्टे कापून टाकावेत, म्हणजे भंगारातून उचलून ती कुणी पुन्हा गाडीत लावणार नाही.